दोन उभ्या तारा आणि एक दिशा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा शेजारच्या मंडणगड, दापोली या रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्यांनाही बसला. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावांचा काही दिवस बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. अशा वेळी ज्यांची आठवण होते ते हौशी रेडिओचालक, म्हणजे 'हॅम'. १२ व्होल्टची बॅटरी, १०० वॉटचा ट्रान्समीटर आणि झाडाला किंवा बांबूला बांधलेली तार एवढ्या सामग्रीवर ते शेकडो, हजारो किलोमीटरवर बोलतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारतीय हॅमांचे एक पथक योगायोगाने अंदमानातच होते. पोर्ट ब्लेअरहून बाहेर जाणारे निरोप त्या दिवसांत या पथकाने पोचवले होते.

या विषयावर शाळेत बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, एका अँटेनाऐवजी दोन लावल्या तर आवाज दुप्पट लांब जाईल का?" प्रश्न चांगला आहे, कारण त्याचे उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण. ट्रान्समीटरची शक्ती १०० वॉटच राहणार. दोन अँटेनांना ती वाटून द्यायची, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला निम्मी. मग जास्तीचे आणायचे कुठून? ते दुसऱ्या दिशेकडून आणायचे! नको असलेल्या बाजूला जाणारी ऊर्जा हव्या त्या बाजूला वळवायची. हे कसे होते, आणि एकाच जोडीकडून वेगवेगळ्या वारंवारतांवर ते करून घेताना कोणत्या अडचणी येतात, ते या लेखात पाहू या.

एकच उभी तार घेतली तर ती चारही दिशांना सारखीच लहर पाठवते. तिची उंची तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवतात. हॅमांच्या ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, म्हणून तार साधारण १० मीटर. १४ मेगाहर्ट्‌झला तिच्या निम्मी, ५ मीटर. (रत्नागिरी आकाशवाणीची ११४३ किलोहर्ट्‌झची मध्यमलहर ज्यांनी ऐकली आहे त्यांनी तिची तरंगलांबी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी. ती २६२ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा सुमारे ६६ मीटर. मध्यमलहरींच्या केंद्रांना एवढाले मनोरे का लागतात याचे उत्तर त्या गणितातच मिळते.)

आता समुद्रकाठी दोन उभ्या तारा रोवल्या असे समजा. जमिनीकडची 'अ' आणि समुद्राकडची 'ब'. दोघींमधील अंतर पाव तरंगलांबी, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झला सुमारे साडेदहा मीटर. दोघींना सारखाच प्रवाह द्यायचा. पण 'ब'मधील प्रवाह 'अ'च्या मागे पाव आवर्तनाने रेंगाळला पाहिजे. झोपाळ्याचे उदाहरण घ्या. एक झोपाळा टोकाला पोचला त्या क्षणी दुसरा मधून जात असेल तर दुसरा पाव आवर्तन मागे आहे. आवर्तनातील या स्थितीला भौतिकीत 'कला' म्हणतात आणि फरकाला 'कलांतर'. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरले तर पाव आवर्तन म्हणजे ९० अंशांचे कलांतर.

समुद्राच्या दिशेने काय होते पाहा. 'अ'ची लहर 'ब'पर्यंत पोचायला पाव आवर्तनाचा वेळ घेते. ती तेथे पोचते नेमक्या त्याच क्षणी, उशिरा सुरू झालेली 'ब'ची लहर निघते. शिखरावर शिखर पडते आणि दोन्ही मिळून समुद्राकडे जातात. जमिनीच्या दिशेने मात्र उलटे. 'ब'ची लहर आधीच ९० अंश उशिरा निघालेली. 'अ'पर्यंत येण्यात आणखी ९० अंश गेले. एकूण १८० अंश. शिखरावर दरी! दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि जमिनीकडे जवळजवळ काहीच जात नाही. आलेख काढला तर त्याचा आकार हृदयासारखा दिसतो, टोक समुद्राकडे आणि खाच जमिनीकडे.

समुद्राकडील शक्ती या जोडीने एका अँटेनाच्या दुप्पट होते, म्हणजे ३ डेसिबलची वाढ. ऐकणाऱ्याला १०० वॉटऐवजी २०० वॉटचा ट्रान्समीटर आहे असे वाटेल. खरे सांगायचे तर कानाला हा फरक मामुलीच असतो. माझ्या मते या जोडीची खरी कमाई पाठीमागच्या खाचेत आहे. रत्नागिरीहून आखात आणि युरोप वायव्येला. दक्षिण भारत व आग्नेय आशिया पाठीशी. दुबईचा क्षीण आवाज ऐकताना पाठीमागून येणारे जोरदार आवाज खाचेत पडले तर जे ऐकू येत नव्हते ते ऐकू येऊ लागते. पाठवताना जी दिशा तीच ऐकतानाही, हा अँटेनांचा फार उपयोगी गुण आहे.

ही कल्पना नवी नाही. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये त्रिकोणात उभारलेल्या तीन अँटेनांना वेगवेगळ्या कलेने प्रवाह देऊन लहर एका दिशेला वळवून दाखवली होती. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मार्कोनींबरोबर विभागून मिळाले. १९३२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडातल्या एका नभोवाणी केंद्राने दोन मनोरे उभारले, ते आवाज लांब जावा म्हणून नव्हे, तर विस्कॉन्सिनमधील त्याच वारंवारतेच्या केंद्राला त्रास होऊ नये म्हणून. खाचच कामाला आली!

वर्गात दाखवण्यासारखा एक प्रयोग येथे देतो. त्याला रेडिओ लागत नाही, परवाना लागत नाही. दोन लहान, सारखे लाउडस्पीकर घ्या. शाळेच्या पटांगणात, भिंतींपासून दूर, एका स्टुलावर ते आकाशाकडे तोंड करून ठेवा. असे ठेवले की आवाज चहूकडे सारखा जातो, उभ्या तारेसारखाच. केंद्रांमधील अंतर २०.५ सेंटिमीटर ठेवा. मोबाइलवर किंवा संगणकावर शुद्ध स्वर निर्माण करणारी सोय मिळते. तिच्यातून ४२५ हर्ट्‌झचा स्वर दोन्ही स्पीकरांना द्या. कोकणातल्या हवेत, ३० अंशांच्या आसपास, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. तेव्हा तरंगलांबी ८२ सेंटिमीटर आणि आपले अंतर तिचा चौथा हिस्सा. म्हणजे ही आपली 'सात मेगाहर्ट्‌झची' जोडी झाली.

आता विद्यार्थ्यांनी दोन-तीन मीटरांवरून, एक कान बोटाने बंद करून, स्पीकरांभोवती फेरी मारायची. दोन्ही स्पीकरांना जोडणाऱ्या रेषेच्या टोकांना आवाज किंचित कमी वाटेल, बाजूंना किंचित जास्त. फार फरक नाही. आता स्पीकर जागचे न हलवता स्वर ८५० हर्ट्‌झ करा. तेच अंतर आता अर्धी तरंगलांबी झाले. रेषेच्या टोकांना आवाज जवळजवळ नाहीसा होतो, बाजूंना भरपूर! एका स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट करा, म्हणजे १८० अंशांचे कलांतर मिळेल. बाजू मुक्या होतील आणि टोके बोलू लागतील. स्वर १७०० हर्ट्‌झ करा, तारा पूर्ववत ठेवा: आता टोकांनाही आवाज, बाजूंनाही, आणि मध्ये तिरप्या दिशांना, रेषेपासून ६० अंशांवर, शांतता. बहुतेक मुले येथे आपला कान पुन्हा तपासून पाहतात.

हौशी रेडिओच्या पट्ट्यांचे मोठे मौजेचे वैशिष्ट्य असे की ७, १४, २१, २८ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे एकमेकांच्या पटीत आहेत. ४२५, ८५०, १२७५, १७०० हर्ट्‌झही त्याच प्रमाणात. म्हणजे पटांगणातला प्रयोग हा हॅमच्या अडचणीची हुबेहूब लहान प्रतिकृती आहे. दोन तारा एकदा रोवल्या की त्या हलत नाहीत. पण पट्टा बदलला की त्यांच्यातील अंतर पाव तरंगलांबीचे अर्धी, पाऊण, पूर्ण होत जाते आणि दिशांचा आकार बदलतो.

कलांतरही त्याच चालीने बदलते. संगणकावर दोन वाहिन्यांची ध्वनिफीत करून उजवी वाहिनी एका सेकंदाच्या १७०० व्या भागाने उशिरा ठेवा (सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २६ नमुने). ४२५ हर्ट्‌झला हा उशीर बरोबर ९० अंशांचा. उजव्या स्पीकरच्या बाजूला आवाज, डाव्या बाजूला खाच. वर वर्णन केलेले हृदय कानांनी ऐकायला मिळते. हाच उशीर तसाच ठेवून ८५० हर्ट्‌झ वाजवा. उशीर १८० अंशांचा झाला, अंतरही १८० अंशांचे. उजवीकडे एकमेकांची भरपाई होते, ठीक. पण डावीकडे १८० आणि १८० मिळून ३६०, म्हणजे पुन्हा शिखरावर शिखर. दोन्ही टोकांना सारखाच आवाज, खाच गायब! १२७५ हर्ट्‌झला २७० आणि २७० मिळून ५४०, म्हणजे १८० च. खाच परत आली, पण बाजूंना थोडे मागे झुकलेले दोन नवे फाटे फुटले. जमिनीवर या उशिराचे काम एखाद्या ठरावीक लांबीच्या केबलने केले तर ७ मेगाहर्ट्‌झला उत्तम चालणारी जोडी १४ ला समुद्राकडे आणि सह्याद्रीकडे सारखेच बोलू लागते, ते यामुळेच.

बहुपट्टा उभ्या अँटेनात आणखी एक वस्तू असते. तारेच्या किंवा नळीच्या मध्ये वेटोळे आणि धारित्र समांतर जोडून एक 'सापळा' बसवलेला असतो. त्याच्या अनुनादाच्या वारंवारतेला तो प्रवाह अडवतो, म्हणून १४ मेगाहर्ट्‌झला फक्त खालचा भाग अँटेना म्हणून काम करतो. ७ ला तो प्रवाह पुढे जाऊ देतो आणि सगळी उंची कामाला येते. एकट्या अँटेनाला हे ठीक आहे. जोडीत मात्र दोन्हींचे सापळे तंतोतंत सारखे लागतात, कारण अनुनादाजवळ धारित्रात जरासा फरक पडला तरी कला झपाट्याने सरकते. त्यात कोकणचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. एका सापळ्यात ओल शिरली की खाच दुसरीकडेच जाते. म्हणून मला स्वतःला सापळ्यांपेक्षा एकाच बांबूवर शेजारी शेजारी दोन तारा, एक १० मीटरची आणि एक ५ मीटरची, खाली एकत्र जोडलेल्या, ही रीत पसंत आहे. ती दिसायला गबाळी आहे, पण बिघडली तर डोळ्यांना दिसते.

आता माझी एक फजिती सांगतो. पहिल्यांदा अशी जोडी उभारली तेव्हा मी 'अ'ला जितकी केबल दिली त्यापेक्षा 'ब'ला पाव तरंगलांबी जास्त दिली. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू, सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जाते, म्हणून साडेदहाऐवजी सात मीटर. हा हिशेबही नीट केला होता. पाठीमागे खाच पडायला हवी होती. पडली नाही. थोडासा उतार जाणवला, एवढेच. केबल पुन्हा मोजली, जोड पुन्हा डाग दिले, तरी तेच. दोष मोजमापात नव्हता, समजुतीत होता.

केबलची लांबी म्हणजे तेवढा उशीर, हे केव्हा खरे? केबलच्या टोकाला तिच्या स्वतःच्या संरोधाइतकाच भार असेल तेव्हाच. आणि जोडीतल्या अँटेना तसा भार देत नाहीत. एकटी, आदर्श जमिनीवरची पाव तरंगलांबीची तार सुमारे ३६ ओहमचा रोध दाखवते. पण शेजारी दुसरी तार असली की प्रत्येकीच्या लहरी दुसरीत प्रवाह निर्माण करतात. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये जे अन्योन्य प्रवर्तन आपण शिकवतो, त्याचेच हे भावंड. आपल्या जोडीत याचा परिणाम असा होतो की मागच्या 'अ'चा रोध घटून सुमारे २१ ओहम होतो आणि पुढच्या 'ब'चा वाढून सुमारे ५१. दोघींत प्रवाह सारखा, म्हणजे शक्ती रोधाच्या प्रमाणात वाटली जाणार. 'ब'ला ७० टक्क्यांहून जास्त, 'अ'ला ३० हून कमी. दोघी सारख्या असून त्यांना शक्ती सारखी लागत नाही! सारखी शक्ती वाटून देणारा जोड लावला की प्रवाह असमान होतात, आणि असमान लहरी एकमेकींना पुरत्या खोडू शकत नाहीत.

यातून सुटण्याची एक सुंदर युक्ती आहे. पाव तरंगलांबीच्या केबलचा एक गुण असा की तिच्या दूरच्या टोकातून जाणारा प्रवाह फक्त अलीकडच्या टोकावरील व्होल्टतेवर आणि केबलच्या स्वतःच्या संरोधावर अवलंबून असतो. पलीकडे भार २१ ओहमचा असो वा ५१ चा, प्रवाह तोच. तेव्हा दोन्ही अँटेनांना पाव तरंगलांबीच्या केबली द्यायच्या, त्यांची अलीकडची टोके एकत्र आणायची आणि त्यांपैकी एकीच्या आधी वेटोळे व धारित्र यांचे छोटे जाळे घालून ९० अंशांचा फरक तेथे करायचा. अमेरिकेतील रॉय लेवॅलेन यांनी ही रीत हॅमांमध्ये रूढ केली. आमच्या जोडीला ती लावल्यावर खाच पडली. पण पट्टा बदलला की तीच अडचण पुन्हा पुढे येते: ७ मेगाहर्ट्‌झला पाव असलेली केबल १४ ला अर्धी होते आणि तिचा हा गुण नाहीसा होतो. २१ ला ती पाऊण होते, तेव्हा तो परत येतो. म्हणून खरी बहुपट्टा जोडी हवी असेल तर प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी पेटी आणि ती बदलणारे रिले लागतात.

एक मार्ग मात्र सगळ्या पट्ट्यांवर बिनतक्रार चालतो, आणि तो सर्वांत सोपा आहे: दोन्ही अँटेनांना अगदी सारख्या लांबीच्या केबली. कलांतर शून्य, कोणत्याही वारंवारतेला शून्यच. परिस्थिती सममित असल्यामुळे अन्योन्य परिणामही दोघींवर सारखाच, म्हणजे प्रवाह आपोआप समान. ट्रान्सफॉर्मरने एका केबलची जोडणी उलटी केली की १८० अंश, तेही सर्व पट्ट्यांवर. ७ ला समकलेत फारसा लाभ नाही, डेसिबलभर. पण १४ ला हेच अंतर अर्धी तरंगलांबी असल्याने बाजूंना पावणेचार डेसिबलपर्यंत मिळतात आणि एक खटका दाबला की दिशा ९० अंशांनी फिरते. नवशिक्याने सुरुवात येथून करावी.

समान लांबीचा हाच विचार महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला होता. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकी येथून इंग्लंडकडे मार्कोनी पद्धतीची 'बीम' बिनतारी तारसेवा सुरू झाली. इंग्लंडचे संदेश झेलणारे केंद्र दौंडला होते. चार्ल्स फ्रँकलिन या अभियंत्याच्या रचनेप्रमाणे उंच मनोऱ्यांमध्ये उभ्या तारांचा पडदा ताणलेला असे आणि त्याच्या मागे तशाच तारांचा परावर्तक पडदा. ट्रान्समीटरकडून येणारी तांब्याची नळी फाटे फुटत फुटत प्रत्येक तारेपर्यंत जाई, आणि फाटे असे आखलेले असत की कोणत्याही तारेपर्यंतची वाट सारख्याच लांबीची. सर्व तारा समकलेत! दोनऐवजी अनेक तारा असल्याने झोत अरुंद होई आणि सुमारे सात हजार किलोमीटरवरच्या इंग्लंडवर तो नेमका धरता येई.

जमिनीबद्दल बोलल्याशिवाय उभ्या अँटेनाचे वर्णन पुरे होत नाही. उभ्या तारेचा अर्धा भाग जणू जमिनीत असतो. परतीचा प्रवाह जमिनीतून येतो. रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. कोरडा असताना तो विजेचा अगदीच वाईट वाहक. म्हणून अँटेनाच्या बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पसरतात. कातळात खणता येत नाही. पण त्या नुसत्या पृष्ठभागावर टाकल्या तरी चालते. चारच तारा टाकल्या आणि जमिनीचा रोध ३६ ओहम पडला, तर एकट्या अँटेनाची निम्मी शक्ती कातळ तापवण्यात जाईल. जोडीत तर मागच्या, २१ ओहमच्या अँटेनाची साठ टक्क्यांहून अधिक जाईल, आणि प्रवाहांचा तोल बिघडेल तो वेगळाच. आऱ्या जितक्या जास्त तितके बरे. सोळाच्या खाली उतरू नये.

समुद्राचे पाणी मात्र साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट चांगले वाहक. भाट्याच्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर पाण्यालगत रोवलेली तार क्षितिजालगतच्या कोनांतून लहर पाठवते, आणि तीच लहर आयनांबरावरून परतून सर्वांत लांब जाते. सड्यावर मोठ्या खटपटीने मिळवलेले ३ डेसिबल किनाऱ्यावर एकाच तारेने मिळून वर काही उरतातही. जागा निवडता येत असेल तर दुसरी अँटेना उभारण्याआधी पहिली अँटेना पाण्याजवळ न्यावी. (वीज चमकत असताना मात्र यांपैकी काहीच करू नये, केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी.)

आता पुन्हा चक्रीवादळाकडे. रत्नागिरी ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २३५ किलोमीटर. मदतीसाठी पहिला निरोप तेथेच जायला हवा. आणि नेमके हेच काम उभ्या अँटेनाला जमत नाही. इतक्या जवळ पोचायचे तर लहर जवळजवळ सरळ वर पाठवून आयनांबरावरून खाली आणावी लागते, आणि उभी तार डोक्यावरच्या दिशेला काहीच पाठवत नाही. दोन लावल्या, चार लावल्या, तरी शून्याची बेरीज शून्यच. त्यासाठी जमिनीपासून चार-पाच मीटरांवर आडवी ताणलेली, मध्यावर केबल जोडलेली २० मीटरची साधी तार लागते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झ, रात्री बहुधा त्याखालचा साडेतीनचा पट्टा, त्याला याच्या दुप्पट तार. दोन माडांच्या मध्ये ती दहा मिनिटांत बांधून होते, आणि सह्याद्री किंवा मधल्या खाड्या तिच्या आड येत नाहीत.

उभ्या जोडीचे काम वेगळे आहे: सातशे किलोमीटरवरचे कवरत्ती, दोन हजार किलोमीटरवरचे आखात, किंवा खोल समुद्रातील जहाज. ज्या शाळेला हौशी रेडिओची हौस करायची असेल तिने पिशवीत दोन्हींच्या तारा ठेवाव्यात. बोलण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो; ती होईपर्यंत लघुलहरींचा एक साधा रिसीव्हर पुरतो. तो समान केबलींच्या जोडीला लावा, संध्याकाळी १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर एखादा स्थिर आवाज पकडा, आणि कलांतर शून्यावरून १८० वर टाकणारा खटका मुलांच्या हाती द्या.